दुधाच्या दाढेत काय भरावे: सिमेंट, चांदी की वर स्टीलची टोपी?

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात आणि मग राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळा-अंगणवाड्यांत तपासणीला येतात. २०१३ पासून चाललेल्या या कार्यक्रमात दातांची कीडही पाहिली जाते. पालकांच्या हाती ‘दात किडले आहेत, पुढील उपचारासाठी न्यावे’ एवढी चिठ्ठी पडते आणि खरा घोळ तिथून सुरू होतो. एक डॉक्टर सिमेंट भरतो, दुसरा लाईटवाली फिलिंग सांगतो, तिसरा स्टीलची टोपी बसवू म्हणतो. घरची आजी म्हणते, “दुधाचाच तं दात हाय, पडूनच जाईन, काहाले पैसे घालता?” हे पत्र अशा पालकांसाठी आहे, आणि तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणाऱ्या आमच्या व्यवसायबंधूंसाठीही.

आमचे म्हणणे आधीच सांगतो. दुधाच्या दोन दाढांच्या मधून, म्हणजे बाजूने कीड लागली असेल, तर तीच दाढ दर सहा महिन्यांनी सिमेंटने भरत बसू नये. तिच्यावर एकदाच स्टीलची टोपी बसवावी. आणि ही टोपी प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या दंत विभागात सिमेंटच्या बाटलीइतकी हाताशी असावी.

आजीच्या बोलण्यात तथ्य आहे, पण ते समोरच्या दातांपुरते. ते सहाव्या-सातव्या वर्षापासून पडू लागतात. दाढांचे तसे नाही. दुधाची पहिली दाढ साधारण नऊ ते अकरा आणि दुसरी दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असते. चार वर्षांच्या लेकराची दुसरी दाढ किडली, तर तिला अजून सहा-सात वर्षे भाकर चावायची आहे. ती अकाली काढली, की सहाव्या वर्षाच्या सुमारास तिच्या मागून येणारी कायमची दाढ पुढे सरकते, कलते आणि खालून येणाऱ्या दाताची जागा बळकावते. पुढे वाकडे दात सरळ करायला तार लावायची, तर दर महिन्याला नागपूर नाहीतर अमरावतीची फेरी आली. मजुरी बुडवून एवढ्या फेऱ्या कोण करणार? उलट साडेनऊ वर्षांच्या मुलाची पहिली दाढ आपणहून हलू लागली असेल, तर तिच्यावर टोपी बसवणे म्हणजे पैसे वाया घालवणे. म्हणून साहित्य ठरवण्याआधी दाढ आणखी किती वर्षे लागणार आहे, ते पाहावे.

दुधाच्या दाताचे वरचे कवच कायमच्या दाताच्या जवळपास निम्मे, साधारण एक मिलिमीटर जाड असते. आतली नस मात्र दाताच्या मानाने मोठी आणि पृष्ठभागाच्या फार जवळ. त्यामुळे बाहेरून बारीक काळा ठिपका दिसतो तेव्हा आत बरेच पोखरलेले असते. शिवाय दुधाच्या दोन दाढा एकमेकींना सपाट भिडलेल्या असतात. चहात बुडवलेल्या बिस्किटाचा लगदा त्या फटीत बसतो आणि तिथे ब्रश पोचत नाही. वरून दाढ चांगली दिसते आणि एक दिवस तिची कड मोडते. ग्रामीण भागात मुले आमच्याकडे येतात ती बहुधा कड मोडल्यावरच.

आता सिमेंट. ग्लास आयोनोमर सिमेंट लंडनच्या सरकारी प्रयोगशाळेतल्या विल्सन आणि केंट यांनी १९७२ मध्ये जगापुढे मांडले. फ्लोराइड असलेल्या विशिष्ट काचेची पूड आणि पॉलिॲक्रिलिक आम्लाचा द्रव एकत्र घोटला की ते घट्ट होते. दातातल्या कॅल्शियमशी ते स्वतःच चिकटते, त्यामुळे ते अडकावे म्हणून चांगला दात कोरावा लागत नाही. त्यातून फ्लोराइड हळूहळू सुटत राहते. वीज लागत नाही. टांझानियात १९८० च्या दशकाच्या मध्यावर याच गुणांवर एक पद्धत उभी राहिली: मशीन नको, इंजेक्शन नको, हाताच्या अवजारांनी मऊ कीड खरवडायची आणि सिमेंट भरायचे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये तिचा पुरस्कार केला. वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसलेल्या आपल्या गावांना ही पद्धत मानवते.

पण सिमेंट निघाले, पडले, झिजले या तक्रारींपैकी बऱ्याच घोटण्याच्या वेळीच जन्मतात. बाटल्यांवरचा टाइप पाहणे पहिले. टाइप वन हे टोपी चिकटवायचे पातळ सिमेंट आहे, ते खड्ड्यात भरू नये. दाढेत भरायचे घट्ट सिमेंट म्हणजे टाइप नाइन. पुडीची बाटली आधी हलवून पूड मोकळी करावी, चमचा बाटलीच्या कडेने सपाट करावा. द्रवाची बाटली अगदी उभी उलटी धरावी. आडवी धरली तर थेंबात हवा शिरते आणि प्रमाण चुकते. टाइप नाइनमध्ये वजनाने द्रवाच्या साडेतीन पटींच्या आसपास पूड जाते. कंपनीने दिलेल्या चमच्याने सहसा एक सपाट चमचा पुडीला एक थेंब. पुडीचे दोन भाग करावेत, पहिला दहा सेकंद घोटून दुसरा मिसळावा आणि तीस सेकंदांत काम संपवावे. भरायला सोपे जावे म्हणून मिश्रण पातळ करण्याची सवय फार पसरली आहे. पातळ सिमेंट कमजोर राहते आणि लाळेत विरघळते. उलट, घोटलेल्या गोळ्यावरची चकाकी गेली असेल तर तो फेकून द्यावा. चकाकी गेली म्हणजे दाताला चिकटणारे आम्ल संपले. असा गोळा खड्ड्यात नुसता बसून राहतो आणि महिन्याभरात अख्खा बाहेर येतो.

इथे आपला उन्हाळा आडवा येतो. कंपनी वेळ लिहिते ती तेवीस अंशांच्या खोलीसाठी. एप्रिल-मे महिन्यांत दवाखान्यातच पस्तीस-छत्तीस अंश असले, तर दोन मिनिटांचा अवधी बराच आटतो. कागदी पॅडऐवजी जाड काचेची पाटी वापरावी, ती थंड पाण्यात ठेवून नीट कोरडी पुसून घ्यावी. पाटीवर ओल राहिली तर ते पाणी सिमेंटमध्ये जाते. पुडीचे झाकण लगेच लावावे. पावसाळ्यात उघडी राहिलेली पूड दमट होते आणि मग कितीही घोटली तरी नीट जमत नाही.

तोंडात काम करताना कडांवरची कीड पूर्ण काढायची, तिथे कडक आणि स्वच्छ दात लागला पाहिजे, कारण सिमेंट त्या कडेलाच धरून राहते. तळाशी, नसेच्या जवळ, थोडा चिवट किडका भाग राहिला तरी चालतो. वरून हवाबंद झाल्यावर जंतूंना साखर मिळत नाही आणि कीड थांबते. तो भाग हट्टाने खरवडला तर नस उघडी पडते. मग दहा टक्के पॉलिॲक्रिलिक आम्ल दहा-पंधरा सेकंद लावून, धुऊन, कापसाच्या बोळ्याने टिपायचे. हवेच्या झोताने दात ठणठणीत वाळवायचा नाही. सिमेंट भरून, व्हॅसलीन लावलेल्या बोटाने वीस-तीस सेकंद दाबून धरायचे, बाहेर आलेले काढायचे, चावा तपासायचा आणि वर पुन्हा व्हॅसलीन किंवा वार्निश. पहिल्या काही मिनिटांत लाळ लागली तर सिमेंट विरघळते, उघडे वाळले तर तडकते. मुलाला तासभर काही खाऊ देऊ नये.

एवढे सगळे नीट केले तरी सिमेंटची एक मर्यादा आहे आणि ती पालकांना आधीच सांगायला हवी. हातावजारांच्या या पद्धतीवर जगभर झालेल्या अभ्यासांचा एकत्रित हिशेब असा: दुधाच्या दाढेच्या फक्त चावायच्या पृष्ठभागावर भरलेले सिमेंट दोन-तीन वर्षांनीही शंभरात नव्वदांहून अधिक दाढांत चांगले असते. बाजू धरून भरलेले मात्र साधारण पासष्टांतच. वरच्या खड्ड्याला चारही बाजूंनी दाताची भिंत असते. बाजूच्या खड्ड्याला एक भिंत नसते, तळ हिरडीजवळ असतो, तिथे लाळ आणि रक्त झिरपते, आणि चावण्याचा जोर नेमका सिमेंटच्या अरुंद मानेवर येतो. सिमेंट दाबाला बरे टिकते, ताणाला मोडते. लाईटने घट्ट होणारे राळमिश्रित आयोनोमर याबाबतीत काहीसे उजवे आहे. लहान बाजूच्या खड्ड्याला, उघड्या बाजूने आधाराची चांगली पट्टी लावून भरले तर ते चालते.

मोठ्या बाजूच्या किडीला स्टीलची टोपी. ही तयार मिळते. मुलांच्या दातांसाठी ती १९५० पासून वापरात आहे. पूर्वी इंजेक्शन देऊन, कीड काढून, दात घासून बसवत. स्कॉटलंडच्या दंतवैद्य नॉर्ना हॉल यांनी दात न घासता, कीड न काढता, सुई न देता टोपी चिकटवण्याची रीत रूढ केली. कीड आत तशीच ठेवायची हे ऐकून पालकच काय, कित्येक डॉक्टरही दचकतात. पण तर्क वर सांगितला तोच आहे: साखर तोडली की कीड उपाशी. स्कॉटलंडमध्येच १३२ मुलांवर याची रीतसर चाचणी झाली. प्रत्येक मुलाच्या एका दाढेवर टोपी, दुसऱ्या तशाच दाढेत नेहमीचे भरण. पाच वर्षांनी नस सडणे, गळू येणे किंवा दाढ काढावी लागणे असा गंभीर त्रास टोप्यांमध्ये शंभरात तीन दाढांना झाला होता, भरलेल्या दाढांमध्ये शंभरात सोळा-सतरांना. २००७ आणि २०११ मध्ये हे निष्कर्ष छापून आले, तरी आपल्याकडच्या तालुक्यांत टोपी अजून ‘शहरातला उपचार’ समजली जाते, याचे वाईट वाटते.

रीत अशी. दाढा घट्ट भिडलेल्या असतील तर दोन्ही फटींत रबराची बारीक कडी अडकवायची आणि तीन ते पाच दिवसांनी काढायची, म्हणजे टोपीला जागा होते. सोमवारी कडी लावली तर गुरुवारी-शुक्रवारी टोपी. फटी मोकळ्या असतील तर एकाच खेपेत काम होते. प्रत्येक दाढेसाठी टोपीचे दोन ते सात क्रमांक येतात, बहुतेकांना चार-पाच लागतात. दाढेला पूर्ण झाकणारी सर्वांत लहान टोपी निवडायची. बोटाने टेकवल्यावर ती किंचित उसळली पाहिजे. दुसऱ्या दाढेवर मोठी टोपी बसवली आणि तिची मागची कड बाहेर आली, तर सहाव्या वर्षी येणारी कायमची दाढ त्या कडेखाली अडकते. ही चूक टाळलीच पाहिजे. मूल टेकून का होईना बसलेले असावे, आडवे नको, आणि टोपीला चिकटपट्टी लावून ती धरून ठेवावी. ती घशात गेली तर जिवावर बेतते.

टोपीत टाइप वन सिमेंट काठोकाठ, हवा न राहता भरायचे, बोटाने दाबायचे आणि मुलाला कापसाचा बोळा चावायला देऊन दोन-तीन मिनिटे दाबून धरायला लावायचे. बाहेर आलेले सिमेंट लगेच पुसायचे, फटीतले गाठ मारलेल्या दोऱ्याने ओढून काढायचे. हिरडी पांढरी पडते, ती थोड्या वेळात पूर्ववत होते. चावा एक-दीड मिलिमीटर उंच लागतो आणि मूल एक-दोन दिवस कुरकुर करते. काही आठवड्यांत चावा आपोआप बसतो. मात्र एकाच बाजूच्या वरच्या आणि खालच्या दाढेवर एकाच दिवशी टोप्या बसवू नयेत. हृदयाचा जन्मजात दोष असलेल्या मुलात आणि निकेलची ॲलर्जी असलेल्या मुलात ही पद्धत वापरू नये. दाढ पडायची वेळ झाली की टोपी तिच्यासकट पडते.

टोपी चांदीसारखी चमकते, म्हणून काही घरांत मुलीच्या बाबतीत नको म्हणतात. दाढ मागे असते, हसताना फारशी दिसत नाही. टोपी सिमेंटपेक्षा महाग आहे हे खरे. पण तीन वेळा भरलेले सिमेंट, तीन वेळा एसटीचे भाडे आणि कापूस वेचणीच्या दिवसांतली तीन रोजची मजुरी एकत्र मांडली, तर हिशेब वेगळा दिसतो.

लाईटवाल्या भरणाबद्दल, म्हणजे कंपोझिटबद्दल, थोडक्यात. दिसायला ते सर्वांत सुंदर आणि समोरच्या दातांना योग्य. पण आम्ल लावणे, धुणे, वाळवणे, बाँडिंग म्हणजे चिकटवणारा द्रव लावणे, मग दोन-दोन मिलिमीटरचे थर प्रत्येकी वीस सेकंद प्रकाश देऊन, या साऱ्या काळात लाळेचा थेंब लागता कामा नये. चार वर्षांचे रडणारे मूल आणि रबराचा पडदा लावायची सोय नाही, अशा ठिकाणी ते दाढेत भरणे म्हणजे कडेने गळणारे भरण पदरी घेणे. पालक ‘पांढरेच हवे’ म्हणाले तरी डॉक्टरांनी हे स्पष्ट सांगावे.

चांदी, म्हणजे अमालगम, मुलांमध्ये आता भरू नये असे आमचे मत आहे. त्यात वजनाने जवळपास निम्मा पारा असतो. ते दाताला चिकटत नाही, म्हणून अडकवण्यासाठी चांगला दात कोरावा लागतो आणि दुधाच्या दाढेत कोरायला दातच किती असतो? पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराला भारताने २०१८ मध्ये मान्यता दिली. २०२२ मध्ये त्या करारात दुरुस्ती होऊन दुधाचे दात, पंधरा वर्षांखालील मुले आणि गरोदर व स्तनदा माता यांच्यासाठी अमालगम वापरू नये असे ठरले. दंतवैद्याला रुग्णाच्या गरजेमुळे आवश्यक वाटले तरच अपवाद. उरलेला पारा बेसिनमध्ये जाऊन नाल्यात पोचतो, हेही लक्षात घ्यावे. आधी भरलेली, चांगली टिकलेली चांदी मात्र भीतीपोटी उकरून काढू नये. उकरतानाच पाऱ्याची वाफ निघते.

मूल दोन-तीन वर्षांचे, तोंड उघडत नाही आणि सहा-आठ दात किडलेले, अशा वेळी काय? तिथे अडतीस टक्के सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड हे चांदी असलेले पातळ औषध कामाला येते. दात टिपून कोरडा करायचा, ओठांना-हिरडीला व्हॅसलीन लावायचे, बारीक ब्रशने औषध किडीवर लावून मिनिटभर थांबायचे. एक थेंब साधारण पाच दातांना पुरतो. सहा महिन्यांनी पुन्हा लावायचे. किडलेला भाग कडक होतो आणि कायमचा काळा पडतो. हे काळेपण आधी दाखवून, पालकांची संमती घेऊनच औषध लावावे. त्वचेवरचा डाग आठवड्या-दोन आठवड्यांत जातो, कपड्यावरचा जात नाही. खड्डा मात्र तसाच राहतो, त्यात अन्न अडकते, म्हणून मूल बसू लागले की त्यावर सिमेंट किंवा टोपी घालावी. तोंड आलेले असेल किंवा चांदीची ॲलर्जी असेल तर लावू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हे औषध, ग्लास आयोनोमर सिमेंट आणि फ्लोराइडची पेस्ट ही तिन्ही अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली आहेत.

यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिथले पालक फ्लोराइडचे नाव काढताच घाबरतात. त्यांची काळजी रास्त आहे. पण दातांवर डाग पाडते ते रोज पोटात जाणारे पाणी. भरलेल्या सिमेंटमधून सुटणारे फ्लोराइड त्यापुढे अगदी नगण्य असते. अशा गावांत मूल पेस्ट गिळणार नाही हे पाहावे: तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, सहापर्यंत वाटाण्याएवढी.

लवंगेच्या वासाचे पांढरे तात्पुरते सिमेंट ठणका थांबवते आणि ठणका थांबला की पालक परत येत नाहीत. ते काही आठवडे टिकण्यासाठीच आहे. वर्षभर तोंडात राहिले तर त्याच्याखाली दाढ पोखरत जाते. डॉक्टरांनी ‘तात्पुरते’ हा शब्द चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहावा.

गोड खाल्ल्यावर क्षणभर कळ येऊन थांबत असेल तर वरचे उपाय लागू पडतात. मूल रात्री झोपेतून उठून रडत असेल, गाल सुजला असेल, हिरडीवर पुळी येऊन पू निघत असेल, तर नस सडली आहे. अशा दाढेत काहीही भरले तरी त्रास आतून वाढतच जातो. एक्स-रेमध्ये कीड आणि नस यांच्यामध्ये चांगल्या दाताचा पट्टा दिसला तरच भरण किंवा विनासुईची टोपी. नाहीतर आधी नसेचा उपचार आणि त्यावर टोपी. तेही शक्य नसेल तर दाढ काढून जागा राखणारी तार. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन ‘किडे काढणाऱ्यां’कडे अशा मुलाला नेऊ नये. दाताच्या किडीत अळी नसते, आणि तोवर सूज पसरते.

आरोग्य विभागाकडे आमची मागणी मोजकी आहे. ज्या ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत दंतशल्यचिकित्सक आहेत, तिथे सर्व क्रमांकांच्या टोप्यांचा संच असावा, चार-पाच क्रमांकांचा साठा दुप्पट असावा. सोबत रबरी कड्या, टाइप वन आणि टाइप नाइन सिमेंट आणि डायमाइन फ्लोराइड. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयाच्या बालदंत विभागाने या डॉक्टरांना टोपीचे प्रात्यक्षिक द्यावे. एका दिवसात ते होऊ शकते. कडी लावायचा आणि टोपी बसवायचा दिवस ठरवताना गावचा बाजाराचा दिवस पाहावा. दिवाळीच्या आसपास सोयाबीन आणि कापूस दोन्ही हातात असतात, तेव्हा बोलावलेली मुले येत नाहीत, म्हणून शाळा-तपासणीतली मुले जुलै-ऑगस्टमध्येच उपचाराला घ्यावीत.

तपासणी पथकाच्या चिठ्ठीत तीन गोष्टींची भर पडावी: कोणती दाढ, कीड वरून आहे की बाजूने, आणि रात्री दुखते का. उपचारानंतर दवाखान्याने त्याच चिठ्ठीमागे तारीख, भरलेले साहित्य आणि पुन्हा दाखवायचा महिना लिहावा. पालकांनी ती मुलाच्या लसीकरणाच्या कार्डासोबत ठेवावी, कारण पुढच्या वेळी दाढ पाहणारा डॉक्टर दुसऱ्याच गावचा असू शकतो.

आपले,
ग्रामीण भागात मुलांचे दात पाहणारे काही दंतवैद्य,
जि. वर्धा व यवतमाळ